लिंबाजीकाकांची उलटी गाठ

सांडग्यांनी अर्धं कापड भरलं होतं. उरलेल्या अर्ध्याला मनकर्णा हात घालणार, तेवढ्यात झरी गावातल्याच वरच्या गल्लीतल्या महादेवीकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं. मनकर्णानं डाळीच्या पातेल्यावर ताट झाकलं आणि हात धुतले.

काकूंनी सासूबाईंची बोरमाळ पुढं केली. सोन्याचे मणी चांगले होते, पण ओवलेलं लाल रेशीम एका जागी कुजलेलं.

"नवीन ओवून द्या. पण गोंड्यावरची गाठ हीच पायजे बरं का. सासूबाई म्हणायच्या, ओढावं तितकी आवळती."

मनकर्णानं गाठ बघितली आणि लगेच ओळखली. ही लिंबाजीकाकांची गाठ होती.

मनकर्णा पटवेकरीण. दागिने रेशमात ओवून देणं हा तिचा धंदा, पण घराण्यात आलेला नव्हे. एकदा परभणीच्या बाजारात लिंबाजी पटवेकऱ्याकडं ती स्वतःची पोत ओवून घ्यायला गेली आणि तीन तास तिथंच बसून राहिली. काका रेशमाचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचे, दोन्ही हातांनी वेढे द्यायचे. ते बघत बसायला तिला लय आवडलं. दुसऱ्या दिवशी पोत ओवायची नसताना परत गेली. पुढं नऊ वर्षं जात राहिली.

काकांनी सगळं शिकवलं, शेवटची गाठ सोडून. ती बांधायची वेळ आली की भिंतीकडं तोंड करायचे. मनकर्णा मागून कोपरांकडं टक लावून बसायची. कोपरं हलायचीच नाहीत आणि गाठ मात्र तयार.

शेवटी एके दिवशी तिनं विचारलंच. काका म्हणाले, "शिकवली की तू दुकान मांडशील."

"आन न शिकवता मांडलं तर?"

"मांड की. पर ही गाठ बांधायची न्हाई. बोल, बांधणार न्हाई म्हणून."

समोरच महादेवाचं देऊळ होतं. तिकडं हात जोडून मनकर्णानं शब्द दिला, रागानं उठून आली, ती परत काकांच्या दुकानाकडं गेली नाही. त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून ती साधी गाठ मारते. तीन-चार वर्षांत सैल पडते, बायका परत येतात.

पटवेकरी जुनं काम कात्रीनं कापतो, दुसऱ्याची गाठ उकलत बसत नाही. मनकर्णानं कात्री उचलली, ठेवली आणि सुई घेतली.

"कापा की," काकू म्हणाल्या.

"थांबा जरा काकू. बघू द्या."

मणी वाटीत उतरवून घेतले, एकेक वेढा सुटत गेला. बाहेरच्या वेढ्यांचा पीळ सरळ, पण आतल्या तीन वेढ्यांचा पीळ उलटा! दोन्ही हात वेढे धरण्यात अडकलेले, मग उलटा पीळ दिला कुणी? तिसरा हात आणला कुठून?

तिचं लक्ष स्वतःच्या पायाकडं गेलं. रद्दी रेशमाचा तुकडा तिनं अंगठ्यात अडकवला, वेढे धरले आणि पाऊल आतल्या अंगाला वळवलं. दोऱ्यानं पीळ घेतला. कोपरं जागची हलली नाहीत.

"आगं माय! नऊ वर्षं मी कोपरं बघत बसले."

"आलं न्हवं आता? मग बांधा माळेला."

"शब्द दिलाय, काकू."

लिंबाजीकाका आता देवगाव फाट्याला मुलाकडं असतात. हात थरथरतात म्हणून काम बंद. त्यांच्या सुनेचा, राजेश्रीचा नंबर काकूंकडं निघाला. मनकर्णानं तो लावला, सुनेनं फोन काकांच्या हातात दिला.

"काका, मनकर्णा बोलायलीय. अंगठा होता व्हय?"

पलीकडून खोकला आला, का हसू, ते कळलं नाही.

"नऊ वर्षं लागली तुला."

"एकवीस."

"बांधलीस का कुणाच्या डागाला?"

"न्हाई. रद्दीच्या दोऱ्यावर बघितली."

"ती तरी का बांधलीस?"

"राहवलं न्हाई."

"हे तुझं पहिल्यापास्नंच हाय. सैल पडायलीय ना?"

मनकर्णानं तुकडा ओढून बघितला. "जराशी."

"पडणारच."

"का पण?"

"फोनवर पाय कुठं दिसतो? माळ घेऊन ये. शिकवीन म्हणलो न्हाई मी. बघीन म्हणलो." फोन बंद झाला.

"लय आडमुठा माणूस," काकू म्हणाल्या. "आन त्यानं नको म्हणलं तर?"

"तर माझी साधी गाठ बांधून देते. चालंल?"

काकूंनी मोकळ्या मण्यांकडं बघितलं. सासूबाईंच्या गळ्यातली माळ, ती अशी सुटी वाटीत पडलेली. मग त्यांनी वाटीच मनकर्णाच्या हातात दिली. "जाऊन तर या."

जिंतूरची एसटी साडेबाराला होती, तिथून देवगाव फाट्याची गाडी. त्याआधी मनकर्णाला चौकातल्या दुकानातून लाल रेशमाची एक लडी आणायची होती.