गाऱ्हाण्यावर घेतलेलं घर

लवू परबांनी मरोळचं घर घेतलं ते गाऱ्हाण्यावर.

संप फिसकटला. गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही. तेव्हा परळच्या चाळीतली खोली त्यांनी विकली आणि बायकोला, रुक्मिणीला, घेऊन कुर्ल्याला मेव्हण्याकडे राहायला गेले. मरोळला कारखान्यांच्या मागे मार्तंड नावाचा बिल्डर चार मजली इमारत बांधत होता. मार्तंड त्यांच्याच वाडीतला. शिमग्याला लवू, रुक्मिणी आणि मार्तंड गावी गेले. देवळात धोंडिराम गुरवानं नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, दुसऱ्या माळ्यावरची जागा मार्तंडानं लवू परबाला द्यावी, आड येईल त्याला तू बघून घे. जमलेले सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’ मार्तंडाचा आवाज सगळ्यात मोठा होता.

पायऱ्या उतरताना रुक्मिणी हळूच म्हणाली, “अवो, कायतरी लिवन घेवा.”

“देवासमोर नारळ ठेयलो आणि आता कागद मागू? गावात तोंड दाखवूक जागा रवात?”

पैसे रोख दिले. पावती मागितली नाही.

मग लवू रोज मरोळला जाऊ लागले. गिलावा झाला तेव्हा दुसऱ्या माळ्यावरच्या भिंतींना पाणी त्यांनीच मारलं, सकाळ-संध्याकाळ. गवंडी हसायचे. “काका, तुमच्या भिंतीला ताप आलाय काय?” लवूही हसायचे. ओल्या सिमेंटचा वास घेऊन कुर्ल्याला परतायचे आणि रुक्मिणीला सांगायचे, चूल कुठे, देव कुठे.

एका सकाळी दाराला कुलूप दिसलं. वर नावाची पाटी होती, जयंती शहा. थोड्या वेळानं शहाबाई आल्या. भल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि आपला नोंदणी केलेला करार दाखवला.

मार्तंड खाली सापडला. “लवूदा, तुझा घर खय जाता? पुढच्या बिल्डिंगीत देतंय.”

पुढची बिल्डिंग कुठे, ते त्यानं सांगितलं नाही. पुढं पुढं तो भेटेनासाच झाला.

लवू अंधेरीला कुंदा प्रधान नावाच्या वकीलबाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“काका, किमतीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पैसे घ्यायच्या आधी बिल्डरनं लेखी करार करून तो नोंदवायचा असतो. कायदाच आहे तसा, कधीचा. त्यानं तो केला नाही, हा त्याचा गुन्हा.”

लवूंचा चेहरा उजळला. “म्हणजे घर माझं?”

“पैसे दिलेत याला पुरावा?”

“गाऱ्हाणं घातलं ना बाई. अख्खं गाव होतं.”

बाईंनी वही पुढे ओढली. “मग गावातले दोघंतिघं साक्षीला आणा. काहीतरी करता येईल.”

लवू गावी गेले. देवळावर नवीन छप्पर चढलं होतं. मार्तंडानं घालून दिलं होतं. धोंडिरामानं चहा पाजला, पण नजर वर उचलली नाही.

“लवू, देवाक कोर्टात खय नेतंस? तो बघून घेतलो ना कधीतरी.”

“कधी?”

धोंडिरामानं कपबशी उचलली आणि तो आत गेला. बाकीच्या घरांतही चहाच मिळाला.

लवू परतले तेव्हा मेव्हण्यानं, सहदेवनं, विषय काढला. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. खोली एकच होती. तो वाईट बोलला नाही. नुसतं म्हणाला, “भावोजी, कायतरी बघा आता.”

त्याच आठवड्यात मार्तंडाचा निरोप आला. थोडे पैसे परत मिळतील, पण एका कागदावर सही हवी. त्यावर लिहायचं होतं की घराचा कसलाही व्यवहार झाला नव्हता, मार्तंडानं हातउसने घेतले होते ते पूर्ण फिटले. वकीलबाई म्हणाल्या, सही केलीत तर सगळं संपलं. नाही केलीत तर केस चालेल, किती वर्षं ते सांगता येत नाही, आणि साक्षीला कुणी नाही.

लवू रुक्मिणीकडे बघत राहिले. तिनं आधी सांगितलं होतं, हे तिनं एकदाही काढलं नाही. ते काढलं असतं तर बरं, असं लवूंना वाटलं.

“करा सही,” ती म्हणाली.

कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसला होता. मार्तंडाचा माणूस मजकूर सांगत होता. दोन वर्षांच्या व्यवहारातला हा पहिला लेखी कागद. टायपिस्टनं मान वर केली.

“नाव लवू गुणाजी परब. राहणार?”

लवूंनी तोंड उघडलं.

“काका, राहणार कुठे? त्याशिवाय पुढे टाइप नाय होणार.”

रुक्मिणी दुसरीकडे बघू लागली. टायपिस्ट थांबला होता.