सरांची पहिली चित्रफीत

सायकलच्या जुन्या ट्यूबचे आतडे, त्यात आतून चिकटवलेले मेणाचे चपटे डाग, निळे द्रावण फवारायची नळी आणि पडद्यावर उजेड पडू नये म्हणून शिवलेली काळी झडप. शिकाऊ डॉक्टरांना दुर्बिणीने आतडे तपासायचा सराव व्हावा म्हणून हे सारे डॉ. सुकुमार सरांनी स्वतःच्या हातांनी केले. नळीच्या टोकाची भोके मात्र मी पाडली, आणि ती नळी रुग्णाला कधी लावली नाही. सरांच्या या गौरवग्रंथातही तपशील बरोबर असावा.

सरांची पहिली भेट माझ्या सांगलीतल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात झाली. दुर्बिणीचा पडदा ते रिक्षातून मांडीवर घेऊन आले होते. "यातला लाल खरा आहे का, तेवढं सांगा." मी कॉलेजची पायरी चढलो नाही, पण रंग मला कळतो. दवाखान्यात जाऊन कॅमेऱ्यापुढे पांढरे फडके धरले. पडद्यावर ते गुलाबी दिसले. सरांनी फडके माझ्या हातातून घेऊन स्वतः धरून पाहिले. धाकट्या भावाची, भूपालरावांची तपासणी त्यांनी त्याच पडद्यावर केली होती.

भूपालराव तासगावची द्राक्षबाग सांभाळत. रक्त पडायचे, ते मूळव्याध समजून त्यांनी अंगावर काढले. सरांनी बळेच तपासले, तर काही सापडले नाही. आतड्याच्या अस्तरावरचा फिकट, चपटा डाग लालीत मिसळून गेला होता. कळले तेव्हा कर्करोग यकृतात पोचला होता. मी भेटायला गेलो, तर भूपालराव हसून सरांना म्हणत होते, "अण्णा, पानावरची डावणीची बुरशी तुमच्या नजरंतनं कवा सुटली न्हाई. माझ्यातच कशी सुटली वो?"

"मला दिसलं नाही, भूपाल."

मी पडद्याला दोष दिला. सर म्हणाले, "पडदा गुलाबी होता, मान्य. पण बघत मी होतो."

भूपालराव गेले. त्यानंतर तपासणीआधी पांढरे फडके, दर वेळी. संशय आला की निळे द्रावण फवारून डागाची कड उठवायची. सिस्टर त्याला 'फवारणी'च म्हणतात. विट्याच्या एक आजी उठून चालल्या होत्या, "मूळव्याधच हाय ती, माज्या सासूलाबी व्हती." सर दारापर्यंत गेले. "आजी, मूळव्याधच निघाली तर खुशाल शिव्या द्या. पण बघू द्या."

"शिव्या मी तशाबी दीन," म्हणत आजी परतल्या. डाग लहान होता, वेळेत निघाला. सर त्या दिवशी जेवले नाहीत. "त्याचाही एवढाच असणार," एवढेच बोलले.

भूपालरावांच्या तपासणीची चित्रफीत सर प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला सर्वांत आधी दाखवतात. डाग क्षणभर येतो, जातो. "दिसला की थांबा म्हणा." कोणी म्हणत नाही, तेव्हा सर खिडकीकडे बघतात.

पंच्याहत्तरी गाठलेल्या सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची नजर शाबूत राहो, आणि आता तरी त्यांना शांत झोप लागो. कॅमेरे विकणाऱ्या एका कंपनीने मध्यंतरी त्यांच्या साऱ्या चित्रफिती विकत मागितल्या होत्या. अट एकच, पहिली, भूपालरावांची, वगळायची. सर नको म्हणाले. देऊ केलेली रक्कम चाळीस लाख रुपये होती.