नेहेते सरांनी छत्तीस वर्षं सांभाळलेली माझी चूक

नेहेते सर आज पहाटे गेले. एक चूक माझी होती आणि नाव त्यांचं खराब झालं.

सकाळी आमच्या जुन्या कॅम्पच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "सर विद्वान होते, पण त्यांच्या हट्टापायी एका मुलीचा जीव जाणार होता."

खाली बारा जणांनी हात जोडले.

मी पण जोडणार होते. मग फोन खाली ठेवला.

अठ्ठ्याऐंशीचा मे. यावलजवळ एका शाळेच्या होस्टेलमध्ये सरांनी रशियन भाषेचा उन्हाळी कॅम्प लावला होता. तीन आठवडे, चाळीस मुलं-मुली, उठल्यापासून झोपेपर्यंत फक्त रशियन. वरण मागायचं तरी रशियनमध्ये. आजूबाजूला केळीच्या बागा आणि आत आमचं मॉस्को.

मी तेवीसची, धुळ्याहून आलेली, कॅम्पची इन्स्ट्रक्टर. धुळ्याच्या कॉलेजात माझी नोकरी सरांच्या एका पत्रावर अडली होती. त्यामुळे मी जरा जास्तच कडक.

रूल साधा होता. प्रत्येकाच्या खांद्यावर तीन लाल रिबिनी. मराठी बोललं की एक कापायची. तिसरी गेली की घरची एस.टी.

पण पहिल्याच दिवशी सरांनी मला बजावलं होतं, "दुखलं-खुपलं तर मुलांनी घरच्या भाषेत बोलायचं. त्याला रिबीन नाही. हे सगळ्यांना सांग."

मी सांगितलं नाही.

विसरले नव्हते. मला वाटलं, एकदा सांगितलं की रोज सकाळी दहा जणांची पोटं दुखतील. फार शहाणी होते मी.

कल्पना धुळ्याकडच्या खेड्यातली, एकोणीस वर्षांची. वडिलांशी आठवडाभर भांडून आली होती. तिच्या खांद्यावर एकच रिबीन उरली होती.

त्या दिवशी अकराच्या सुमारास ती वर्गाच्या दारात आली. ओढणीचं टोक दातात धरलेलं.

"ताई, माले..."

मी बोट वर केलं. "पा-रूस्की." म्हणजे, रशियनमध्ये.

ती थांबली. मी पुढे झाले आणि तिच्या खांद्यावरच्या शेवटच्या रिबिनीला नुसता हात लावला. तो हात मला अजून दिसतो.

"नगा... बालीत," ती म्हणाली. पाय दुखतोय.

वाक्य बरोबर होतं. मी "छान" म्हटलं आणि मागच्या बाकावर बसायला सांगितलं. पायाकडे पाहिलंसुद्धा नाही. विंचवाला रशियनमध्ये काय म्हणतात ते आम्ही शिकवलंच नव्हतं.

सव्वा तासाने जेवणाची रांग लागली. स्वयंपाकाच्या सुभद्राअक्का वाढता वाढता थांबल्या. कॅम्पमध्ये सरांना न घाबरणाऱ्या त्या एकट्याच.

"ओ ताई, या पोरले इच्चू चावना शे. बठ्ठं आंग थंडगार पडनं. तुमले दिखनं नई का?"

कल्पना घामाने भिजली होती. तिथेच ओकली. तेव्हाही खांद्यावरची रिबीन मुठीत धरलेली.

सर धावत आले. गेटवर केळीचा टेम्पो भरत होता. त्यांनी स्वतः घड उतरवून जागा केली. वाटेत कल्पनाचे हात माझ्या हातात होते आणि ते गरम होत नव्हते. मी कितीही चोळले तरी नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता चावला?"

कल्पना बोलण्याच्या अवस्थेत नव्हती.

मी म्हणाले, "आत्ताच. जेवायच्या वेळी."

हो, मी असं म्हणाले. मला ती दिसत नव्हती, मला ते पत्र दिसत होतं.

डॉक्टर म्हणाले, "नीट सांगा. औषध त्यावर ठरतं."

मी कल्पनाचे हात चोळत राहिले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. कॅम्पवर समोरच्या व्हरांड्यातून त्यांना माझा वर्ग दिसायचा. मुलगी दारात आलेली त्यांनी पाहिली असणार.

"अकरा वाजता," सर म्हणाले. "माझ्याकडे आली होती. मीच तिला रशियनमध्ये बोल म्हणालो."

वेळ खरी. माणूस खोटा.

संध्याकाळपर्यंत कुणी काही सांगेना. दिवेलागणीला तिचे हात कोमट झाले आणि मी भिंतीला टेकून रडले. सरांना वाटलं असेल कल्पनासाठी. निम्मं माझ्यासाठी होतं.

तिचे वडील आले. सगळ्यांदेखत सरांना म्हणाले, "मास्तर, तुमनी भाषा मोठी आन् मन्ही पोर न्हानी का?"

सरांनी मान खाली घातली. मी चार हात लांब उभी होते.

दुसऱ्या दिवशी कॅम्प बंद झाला. पुन्हा कधी लागला नाही.

माझं पत्र मात्र सरांनी लिहिलं. हातात देताना एवढंच म्हणाले, "पोरांना नीट शिकव. आणि पहिल्या दिवशी सांगायचं ते पहिल्याच दिवशी सांग."

तीस वर्षं शिकवलं. प्रत्येक बॅचला पहिलं वाक्य तेच सांगितलं, दुखलं तर मराठीत बोला. पोरं हसायची.

बऱ्याच वर्षांनी धुळ्याच्या स्टँडवर कल्पना भेटली, कडेवर नात घेऊन. मी घाबरतच विचारलं, "तू कधी कुणाला बोलली नाहीस?"

"सरांनी शपथ घातली होती, ताई. तुमची नोकरी जाईल म्हणाले."

मी म्हटलं, "नात गोड आहे गं," आणि गाडीत चढले.

फैजपूरला सरांकडे जायचं दर दिवाळीत ठरवायचे. आज मी गेले. अंगणात गर्दी होती आणि सरांना ऐकू येत नव्हतं.

म्हणून इथे लिहिते आहे. ग्रुपवर हात जोडलेल्या बाराही जणांनी वाचावं. हट्ट सरांचा नव्हता, माझा होता.

सर, उशीर झाला. माफ करा. नमस्कार.

आणि कल्पना, तू सकाळपासून ग्रुपवर गप्प आहेस. शपथ सुटली गं. आता बोल, कुठल्याही भाषेत. मी ऐकते.