कोणची जात लावायची?

बारा हंगाम बनाबाई महाबळेश्वरकडं स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत मजुरीला जात होती. गुडघे धरले तशी ती सोलापूरकडच्या वाशीजवळच्या आपल्या गावी परतली, ती रोपांच्या पेट्या घेऊनच. जाती तीन : कामारोसा, विंटर डॉन, स्वीट चार्ली.

"आपल्या रानात कोणची टिकती ते बघू," ती सुनेला, प्रीतीला म्हणाली.

लागवड झाली आणि बाईच्या जिवाला चैन म्हणून राहिली नाही. हातातली भाकर तशीच ठेवून ती वाफ्यांकडं जायची, पानं उलटून बघायची. प्रत्येक जातीची फळं वेगळी तोलायची, वजन प्रीतीकडून वहीत लिहून घ्यायची.

डिसेंबरात कामारोसा भरली. फळ मोठं, टणक, लालभडक. शेजारची श्रीदेवी आणि बचत गटाच्या बायका म्हणाल्या, "आमीबी हीच लावणार."

मग चार दिवस आभाळ आलं, झिमझिम झाली. पाचव्या दिवशी कामारोसाच्या फळांवर काळे खोलगट डाग दिसले. करपा! चार्लीवर मात्र तुरळक.

"मंग चार्ली लावू की," श्रीदेवी म्हणाली.

बनाबाईच्या तोंडातून 'व्हय' निघतच होतं, पण तिच्या ध्यानात आलं, कामारोसाचे वाफे उताराच्या तळाशी होते, तिथं पाणी साचलेलं; चार्लीचे वर, कोरड्यात. रोग जातीमुळं आला का जागेमुळं?

"आत्या, बायका वाट बघायल्यात. एक काय ते सांगून टाका," प्रीती वैतागली.

"म्या सांगितलं की त्या लावतील गं. चुकलं तर?"

एक वर्ष थांबा, असं तिनं सांगितलं. श्रीदेवीला वाटलं, ही एकटीच पिकवायला बघतीय. तिनं बोलणं सोडलं.

पुढच्या हंगामात बनाबाईनं कामारोसा वर नेली, चार्ली तळाशी. गाव ढगांना भ्यायचं आणि ही ढगांची वाट बघायची. स्वतःचीच तिला लाज वाटायची, तरी नजर आभाळाकडं जायचीच.

जानेवारीत आभाळ आलं. कामारोसा वरही करपली, थोडी कमी. चार्ली तळाशीही तगली, पण फळ इतकं मऊ की सोलापूरला पोचेस्तोवर चेंगरलं. विंटर डॉनचं वजन दोन्ही वर्षं सगळ्यांत जास्त, रोग मधला, फळही वाटेत टिकणारं.

वही घेऊन बनाबाई स्वतःच श्रीदेवीच्या दारात गेली. "वाशीच्या बाजारात विकायची तर चार्ली. लांब धाडायची तर विंटर डॉन. कामारोसाच्या नादी लागू नको."

"एवढं सांगायला दोन वर्षं?" श्रीदेवी फुरंगटूनच बोलली, पण पाटावरचं धुणं बाजूला सारून तिनं बसायला जागा केली.

बनाबाई बसली नाही. "आधी तुझं रान दाव. पाणी कुठं थांबतंय ते बघू."