विचार करायला भाषा लागते म्हणे

पडद्यावर माझं अक्षर होतं. पुरुषभर उंच. वहीच्या चार रकान्यांतलं, पेन्सिलीनं लिहिलेलं.

'मी नसली तर कुणाला कळायचंबी न्हाय.'

आधी एक बाई हसली. मग तिच्या शेजारची. मग पुढच्या तीन रांगा. मरणाच्या विचाराला कोणी हसलं नाही, शिकलेली माणसं होती ती. हसले ते 'कळायचंबी न्हाय'ला.

मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. सोळा वर्षांची, अकरावीच्या गणवेशात. सोलापुरातल्या सात रस्त्याजवळचा हॉल, एसी लावलेला. आमच्या वर्गशिक्षिका मला आणि वसतिगृहातल्या आणखी दोघींना घेऊन आल्या होत्या. कार्यक्रम आहे, जेवण आहे, प्रमाणपत्र मिळेल, एवढंच सांगितलं होतं. समोर शिक्षक, समुपदेशक, चांगल्या घरातले आईबाप. स्टेजवर डॉक्टर. विषय: किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावर बोलण्याचे कोणते उपचार चांगले.

ती वही कशी झाली, ते सांगते.

आमचं गाव सांगोल्याच्या पलीकडं. आईबाप मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर. मी दुसरीपासून वसतिगृहात. दहावीला मार्क पडले म्हणून सोलापूरला सायन्सला आले. खोलीतल्या दोघींनी पहिल्याच आठवड्यात माझी घोंगडी उचलून गॅलरीत टाकली. वास येतो म्हणाल्या. दिवाळीनंतर मला उठावंसं वाटेना. जेवण जाईना. केस विंचरायला हात वर जाईना. वर्गात फळ्याकडं बघत बसायची, दिसायचं काहीच नाही. शिक्षिकेनं माझं नाव या डॉक्टरांच्या उपक्रमात घातलं.

दर मंगळवारी त्यांच्याकडची एक ताई कॉलेजात यायची. तिनं मला वही दिली, रकाने आखायला शिकवलं. काय घडलं. मनात काय आलं. कसं वाटलं. आणि त्या विचाराच्या विरोधात पुरावा काय. विचार खरा आहे का ते आपणच तपासायचं, म्हणजे त्याचा जोर कमी होतो, असं ती म्हणायची. मी विचारलं होतं, "ही वही कोण कोण वाचणार?"

"फक्त तू आणि मी," ती म्हणाली.

म्हणून मी लिहिलं. 'माझ्या अंगाला वास येतोय असं सगळ्यास्नी वाटतंय.' विरोधातला पुरावा मला सापडेना, कारण घोंगडी खरंच गॅलरीत पडलेली होती. ताई म्हणाली, रकाना रिकामा ठेवायचा नाही. मग मी लिहिलं, 'मी रोज साबण लावते.'

सहाव्या मंगळवारी तिनं वही तपासायला म्हणून नेली.

आता ते साबणाचं वाक्यही पडद्यावर होतं. शेजारी दुसऱ्या एका मुलीचं पान. इंग्रजीत, सुवाच्य, चार ओळींत व्यवस्थित मांडलेलं. डॉक्टरांनी दोन्ही पानांवर लाल ठिपका फिरवला आणि समजावून सांगू लागले. पद्धती तीन. पहिली, विचार तपासायचे. दुसरी, नात्यांत काय बिघडलं, कोण दुरावलं, ते शोधायचं. तिसरी, मन लागो न लागो, मुलाला थोडं थोडं कामाला लावायचं.

मग ते म्हणाले, "पहिली पद्धत या डावीकडच्या मुलीसाठी. दुसरी, ज्यांचे आईवडील घरी वेळ देतात त्यांच्यासाठी. आणि ही उजवीकडची, मेंढरांमागं फिरणाऱ्या कुटुंबातली. हिला तिसरी. झाडू द्या, बागकाम द्या. विचार करायला आधी भाषा लागते."

खाली लोकांनी ते लिहून घेतलं.

मला किळस आली. रागाच्याही आधी किळस. त्यांच्या आवाजात शिवी नव्हती, दया होती. ती जास्त घाण होती. शिवीला उत्तर देता येतं. दयेला लोक टाळ्या वाजवतात.

मी उभी राहिले.

"सर, ती वही माझी हाय."

हॉल वळला. शिक्षिकेनं माझी ओढणी धरून खाली ओढलं. डॉक्टर हसले. "बस बाळ. आपण नाव कुठं घेतलंय?"

"नाव न्हाय घेतलं. पण मला इचारलंबी न्हाय. ते खाली घ्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. लोकांकडं बघून म्हणाले, "बघा. या वयातलं नैराश्य नेहमी रडण्यातनं दिसत नाही. असं चिडचिडीतनं दिसतं. याकडं लक्ष ठेवा."

माना हलल्या. पेनं चालली. मी माणूस म्हणून बोलले होते, त्यांनी ते लक्षण म्हणून लिहून घेतलं. ती माहिती खरी होती. आज मला ती पाठ आहे. पण खरी माहिती एखाद्याच्या तोंडात बोळ्यासारखी कोंबता येते, हे मी त्या दिवशी शिकले.

ओढणी सोडवली. मधल्या वाटेनं चालत गेले आणि प्रोजेक्टरच्या समोर उभी राहिले. माझी वाक्यं माझ्याच अंगावर पडली. डोळ्यांत उजेड. पडद्यावर नुसती माझी सावली. मी हलले नाही. कोणी हसलं नाही आता. शेवटी डॉक्टरांनी बटण दाबलं आणि पान गेलं. टेबलावर वही होती. मी ती उचलली.

"ते अभ्यासाचं साहित्य आहे," ते म्हणाले.

"माजी वही हाय," मी म्हणाले. ताई पहिल्या रांगेत होती. ती मोबाईलमध्ये बघत होती.

परतताना बसमध्ये शिक्षिका एकच वाक्य बोलल्या. "कॉलेजचं नाक कापलंस."

मी त्या दिवसानं बरी झाले नाही. उलट चार महिने कुणाशीच काही बोलले नाही. त्या लोकांनी माझं सर्वांत मोठं नुकसान हे केलं. बोलून बरं होता येतं, यावरचा माझा विश्वास त्यांनी नासवला. उन्हाळ्यात आई वसतिगृहावर आली, मला बघून दारातच बसली.

"काय झालं गं? कुनी मारलं का?"

"न्हाय."

"मग असं का झालंय तुजं?"

तिनं जास्त विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपरच्या खिडकीवर म्हणाली, "मन दुखतंय हिचं. त्येचा डाक्टर कुटं बसतोय?" मागं उभे असलेले हसले. आईनं वळून बघितलं नाही.

तिथं नसीम मॅडम भेटल्या. समुपदेशक. बाप ट्रक चालवायचा, घरात उर्दू. त्यांनी आधी मला विचारलं, "आई आत बसलेल्या चालतील का तुला?" मग विचारलं, "मी लिहू का?"

"नको," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. तीन भेटी मी नुसती बसून आले. चौथ्या भेटीत त्या म्हणाल्या, "पोटातलं शेवटचं कुणाशी बोललीस?"

मी आठवत राहिले. दुसरीत होते, आईशी. त्यानंतर आई कायम रानात आणि मी कायम खोलीत. तिथनं बोलणं सुरू झालं. आईला बोलावून एकदा तिच्यासमोरही बोलले. आई म्हणाली, "मला वाटलं, तू शाळंत सुकात हाईस."

पुढं मॅडमनी तेच रकानेही काढले. पण आधी म्हणाल्या, "विचार खोटा असेल तर तपासू. खरा असेल तर खोटा ठरवायचा नाही. मग घोंगडी ज्यांनी टाकली त्यांच्याशी बोलायचं." कामही दिलं. पण काय आवडतं ते विचारून. मी म्हणाले, चालायला. रोज संध्याकाळी कंबर तलावापर्यंत चालायची. म्हणजे तिन्ही पद्धती मला लागू पडल्या. थोडी ही, थोडी ती. मेंढरांमागं फिरणाऱ्याच्या पोरीला.

आज मीही हेच काम करते, एका तालुक्याच्या दवाखान्यात. दुखणं अजून अधूनमधून येतं, मी गोळी घेते, लपवत नाही. मागच्या महिन्यात वरिष्ठांचा फोन आला. कार्यशाळा आहे, तुमच्याकडची एखादी 'चांगली केस' पाठवा, ग्रामीण बोली असलेली, ऐकणाऱ्यांना आवडते.

"पाठवणार नाही," मी म्हणाले.

"नाव झाकू की, मॅडम."

"ज्याची केस, त्या पोराला विचारा. तो हो म्हणाला तर तोच येऊन बोलेल, तुम्ही खाली बसून ऐका."

त्यांनी फोन ठेवला. माझ्या बदलीची चर्चा चालू आहे. चालू दे.

माझ्यासमोर बसलेलं पोर कोणत्याही बोलीत बोलेल, मी त्याच बोलीत ऐकणार. त्याला कोणता उपचार झेपेल हे त्याच्या आडनावावरून कोणाला ठरवू देणार नाही, तो कितीही मोठा डॉक्टर असो. आणि ज्या दिवशी माझ्याच तोंडून 'या मुलांना काय कळतंय' असं निघेल, त्या दिवशी ही खुर्ची मी सोडणार. तोवर मला कुणी इथनं उठवून दाखवावं.