गोचीड आहेत, वहिनी

मंजुळा वैतीने पहिला कुत्रा धुतला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि तिला कुत्री आवडत नव्हती. पुढे पंधरा वर्षं तिने ठाण्यातली कुत्री धुतली, त्यांची नखं कापली, केसांतल्या गाठी सोडवल्या, तरी ती आवडायला लागली असं काही झालं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "धोब्याला काय दुसऱ्याचे कपडे आवडावे लागतात?"

ती बाळकुमची, कोळ्याच्या घरातली. आई मनुबाई डोक्यावर टोपली घेऊन नौपाड्यात दारोदार मासे विकायची. आपण टोपली घ्यायची नाही, हे मंजुळाने लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. नवरा दौलत वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात होता. चौऱ्याऐंशी साली कारखान्याला टाळं लागलं आणि दौलत घरी बसला तो बसलाच. तेव्हा मंजुळाने नौपाड्यातल्या डॉक्टर सुधीर दामल्यांच्या दवाखान्यात झाडलोटीचं काम धरलं. पाटीवर 'गुरांचा दवाखाना' असं होतं, पण गाय-म्हैस महिन्यातून एखादी. बाकी सगळी कुत्री. सुई टोचताना कुत्रा धरायचं काम हळूहळू तिच्याकडे आलं. तिची पकड घट्ट होती आणि ती कुत्र्यांशी लाडाने बोलत नसे, त्यामुळे की काय, कुत्री तिच्या हातात गप्प राहत.

त्या वर्षांत ठाण्यात ब्लॉकमध्ये राहायला आलेल्या लोकांनी पॉमेरिअन पाळायला सुरुवात केली होती. पांढरं, झुबकेदार, सोफ्यावर बसणारं कुत्रं. आणलं तर होतं, पण त्याला धुवायचं कसं हे कुणाला ठाऊक नव्हतं. "डॉक्टर, अंघोळीला कुणी बाई मिळेल का हो?" असं विचारत लोक यायचे. डॉक्टरांनी एकदा मंजुळाकडे बोट दाखवलं. दोन वर्षांत तिची एकोणीस घरं झाली. नौपाडा, चरई, पाचपाखाडी. दवाखाना सुटला. खांद्याच्या पिशवीत औषधी साबण, बारीक दातांचा कंगवा, कात्री, नखं कापायचा चिमटा आणि एक छोटी बाटली, तळाशी रॉकेल असलेली. बादली, पाणी आणि पुसायला जुनं लुगडं ज्याच्या त्याच्या घरचं. दौलतची कंपनी बंद झाल्यापासून वैतींच्या घरातली चूल या अंघोळींवरच पेटत होती.

रॉकेलची बाटली होती गोचिडांसाठी. आणि तिच्याबद्दल मंजुळा कुठल्याच घरात एक शब्द बोलत नसे.

याला कारण होतं. अगदी सुरुवातीला चरईत कांता भागवत नावाच्या बाईंकडे ती टॉमीला धुवायला गेली होती. मोरीतून ओल्या हातांनी बाहेर आली आणि मोठ्याने म्हणाली, "वहिनी, टॉमीला गोचीड झालेत हं. बावीस काढले."

बाहेरच्या खोलीत कांताबाईंच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईने पाय सोफ्यावर वर घेतले. चहाचा कप मुलाच्या हातात तसाच राहिला.

लग्न जमलं नाही. ते त्या गोचिडांमुळेच मोडलं असं नाही, पत्रिकाही जुळत नव्हती म्हणे. पण कांताबाईंनी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, यापुढे येऊ नकोस.

मंजुळा काय समजायचं ते समजली. या घरांत कुत्र्याला गोचीड आहेत असं सांगणं म्हणजे मुलीच्या डोक्यात उवा आहेत असं चारचौघांत सांगण्यासारखं. बाईच्या घर ठेवण्यावर बोट ठेवल्यासारखं. तेव्हापासून ती पाठ दाराकडे करून बसायची. कानाच्या आतून, बोटांच्या बेचक्यातून, पट्ट्याखालून एकेक गोचीड बोटांच्या चिमटीत धरून उपटायची, बाटलीत टाकायची, आणि जाताना बाटली रस्त्यावरच्या गटारात रिकामी करायची. घरातली बाई विचारायची, "झाली का गं स्वच्छ?" ही म्हणायची, "झाली." सगळे खूश. पाच वर्षं हे असंच चाललं.

नव्वद सालच्या एप्रिलमध्ये नौपाड्यातल्या शुभदा सामंतांची पिंकी आजारी पडली. पिंकी म्हणजे मंजुळाच्या सगळ्या घरांतलं सगळ्यात लाडावलेलं कुत्रं. तिला दूधभात मऊ कालवून लागायचा, तोही शुभदाबाईंच्या हातचा. तिने खाणं सोडलं, ताप चढला, डोळे पिवळट झाले, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, आणि पाचव्या दिवशी नाकातून रक्त आलं. डॉक्टर दामल्यांनी गोचिडांचा ताप सांगितला.

"गोचीड?" शुभदाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे? अहो, दर आठ दिवसांनी अंघोळ असते तिची!"

घरी येईपर्यंत त्यांना उत्तर सापडलं होतं. अंघोळ घालणारी बाई. दहा घरची कुत्री धुते आणि पिशवी एकच. तिनेच कुठून तरी आणले.

चैत्रातल्या हळदीकुंकवाचे दिवस होते. पन्ह्याच्या पेल्याबरोबर ही गोष्ट नौपाड्यातल्या घराघरांत गेली. एका आठवड्यात मंजुळाची सहा घरं सुटली, दुसऱ्या आठवड्यात आणखी पाच. कुणी तोंडावर काही बोललं नाही. "सध्या नको गं, आम्ही गावाला चाललोय." "हेच घालतात हल्ली अंघोळ." एका घरात तर दार उघडलंच नाही, आत कुत्रा भुंकत असताना.

दौलत म्हणाला, "पुन्हा दवाखान्यात झाडू मार."

"आणि तू काय मारणार? माश्या?" मंजुळा म्हणाली.

पण ती गेली डॉक्टरांकडेच. तिला वाटलं होतं, डॉक्टर चार घरी सांगतील की हिची चूक नाही. डॉक्टरांनी तिला बसायला स्टूल दिलं नाही.

"पिंकीला गोचीड होते की नाही?"

"होते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. कधी चार, कधी दहा."

"आणि तू शुभदाबाईंना सांगितलं नाहीस."

"त्यांना वाईट वाटलं असतं."

डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, गोचीड दिसतात का? त्या म्हणाल्या, जन्मात बघितला नाही. त्यांना बघायला मिळालाच नाही, तर त्या काय सांगणार? मी काविळीची औषधं देत बसलो. चार दिवस. ते चार दिवस तुझ्यामुळे गेले, मंजुळा. कुत्री मेली असती."

आपण गोचीड आणले नाहीत एवढंच मंजुळाच्या डोक्यात होतं. या बाजूने तिने विचार केला नव्हता.

संध्याकाळी मनुबाई ओट्यावर कोयता घासत होती. लेकीचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तू गोचीड लपवलास."

"लपवले नाहीत गं. काढले ना मी."

"काढलास आनि लपवलास. कोनापासून गो? कुत्रीला तं ठावंच व्हता."

"खरं सांगितलं तर घर सुटतं, आये. कांताबाईंचं सुटलं."

"पावण्यांपुढं वरडून सांगितलास तं सुटंल नाय तं काय व्हईल?" मनुबाईने कोयता पालथा केला. "मी सामंतीणीला वीस वर्सं मावरा देतंय. किती येला दारातून बोललंय, बाय, आज घेव नको, कालचा हाय. ती रिकाम्या हातानं आत जाते. मी पन रिकामी जातंय. म्हनून तं दुसऱ्या दिवशी माझी वाट बघते, बाकी कोनाकडून घेत नाय. पन मी ते तिच्या कानात बोलतंय, गॅलरीत उभा राहून नाय."

मंजुळाला आईचं बोलणं आवडलं नाही, कारण टोपली नको म्हणून तर ती या धंद्यात पडली होती.

दुसऱ्या दिवशी ती सामंतांकडे गेली. पिंकी वाचली होती. टोपलीत चादरीवर पडून होती आणि मंजुळाला बघून तिने शेपूट हलवायचाही त्रास घेतला नाही. शुभदाबाई दारातच उभ्या राहिल्या.

"वहिनी, गोचीड मी आणले नाहीत," मंजुळा म्हणाली. "ते तुमच्याकडे होतेच. दिवाळीपासून मी काढत होते आणि तुम्हाला सांगत नव्हते. ती माझी चूक."

आधी शुभदाबाईंना नीट कळलंच नाही. मग कळलं तेव्हा चेहरा लाल झाला.

"सहा महिने? तू सहा महिने माझ्या मोरीत बसून... आणि मी तुला विचारायचे, झाली का स्वच्छ? आणि तू झाली म्हणायचीस?"

"हो."

"हे सांगायला आलीस? याच्यापेक्षा आणले असतेस तर परवडलं असतं!"

दार लागलं. खरं सांगितल्यावर माणूस निवळतं अशी मंजुळाची थोडी आशा होती. जिना उतरताना तीही गेली.

आठ घरं उरली होती. त्या घरांत तिने पद्धत बदलली. साबण लावण्याआधी कोरड्या अंगावरच कुत्रा तपासायचा, आणि घरातल्या बाईला मोरीत बोलवायचं. एकटीला. "वहिनी, जरा येता का?" एवढंच. मग कान उलटा करून दाखवायचा. "हे बघा. तीन इथे, एक पंज्यात. हा कान आतून लाल आहे, डॉक्टरांना दाखवा. गाठी सुटत नाहीत, कापाव्या लागतील, कापू का?" कापून झाल्यावर नव्हे, कापायच्या आधी विचारायचं. बाटली खिडकीत उघड्यावर ठेवायची.

पाचपाखाडीतल्या एका बाई म्हणाल्या, "शी! आमच्याकडे असलं काही नसतं," आणि त्यांनी बंद केलं. सात उरली. दुसऱ्या एका घरी आजेसासू म्हणाल्या, "आधीच दाखवायचं नाही का गं, माझ्या मांडीवर बसतो तो!" आणि मंजुळाला चहा दिला, वर खारी.

आणखी एक गोष्ट तिने सुरू केली. प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असायचं आणि त्यावर दुधाचे खाडे मांडलेले असायचे. त्याच चौकटीत, अंघोळीच्या तारखेला, जितके गोचीड तितकी टिंबं ती बाईंनाच पेन्सिलने द्यायला सांगायची. अक्षर नको, आल्यागेल्याने वाचायला नको. दोन महिन्यांनी बाई स्वतःच कॅलेंडरसमोर उभी राहायची. "गेल्या वेळी सहा होते, आता एकच." किंवा, "वाढतायत गं, काय करूया?" मग मंजुळा सांगायची, पलंगाखाली बघा, भिंतीच्या भेगा बुजवा, चादर उकळत्या पाण्यात टाका. आणि दर आठवड्याला अंघोळ नको, पंधरा दिवसांनी पुरे, कातडी कोरडी पडते. हे सांगताना तिची निम्मी कामं कमी होत होती, आणि घरी दौलत कपाळावर हात मारून घेत होता.

पण त्या सात घरांतल्या बायांनी शेजारणींना सांगितलं. पावसाळा संपता संपता तेरा घरं झाली. त्यांतलं एक कुटुंब डोंबिवलीला राहायला गेलं, तिकडून पोस्टकार्ड आलं की पंधरा दिवसांनी इकडेही येत जा, आमचा कुत्रा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. ती जाऊ लागली.

दिवाळी होऊन गेल्यावर मनुबाईच्या हाती सामंतांचा निरोप आला. तोही सरळ नव्हता. "तुझ्या लेकीला म्हणावं, पिंकीची नखं वाढलीयत."

मंजुळा गेली. शुभदाबाई आत जाऊन बसल्या नाहीत. मोरीच्या दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मंजुळाने पिंकीला पाटावर उभी केली, केस उलटे फिरवले, पट्टा सोडला, पंजे फाकवले.

"नखं नंतर बघ," शुभदाबाई म्हणाल्या. "आहेत का?"

"आहेत. पाच."

शुभदाबाई वाकल्या. जवळून बघितलं. पदर नाकाला लावला, पण मागे सरल्या नाहीत.

"कुठून येतात मेले? महिन्यापूर्वी सगळं घर झाडून घेतलं मी. दिवाळीचं."

"भिंतीला भेग असेल कुठेतरी. पिंकी झोपते कुठे?"

"पलंगाखाली. आणि दुपारची देवघरात. थंड असतं तिकडे."

"मग देव्हाऱ्यामागे बघा."

"देव्हाऱ्यामागे?" शुभदाबाईंचा आवाज चढला. "अगं, सोवळ्यात असतं ते. तिकडे कोण जातं?"

"कोणी जात नाही म्हणूनच, वहिनी. गोचीड सोवळंओवळं बघत नाही."

आता शुभदाबाई दार दाखवणार, असं मंजुळाला वाटलं. तिने पिंकीचा पंजा हातात धरून ठेवला आणि नजर खाली केली नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं.

शुभदाबाई वळल्या आणि आत गेल्या. मंजुळाने पाचही गोचीड काढले आणि पिंकीला साबण लावायला घेतला. थोड्या वेळाने आतून लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला, मग घंटी पडल्याचा, मग "अगं बाई!" असं जोरात.

"मंजुळा! इकडे ये. इकडे ये लवकर, बॅटरी धर. केवढे आहेत गं!"

"वहिनी, हिला साबण लागलाय," मंजुळा मोरीतून म्हणाली. "दहा मिनिटं थांबा. आणि हात लावू नका, मी रॉकेल आणते."