डावा कान, उजवा कान आणि मुरुड

‘ताई, वयानुसार एका कानाने कमी ऐकू येतं, मनावर घेऊ नका.’ रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपच्या ॲडमिनने हे सगळ्यांसमोर लिहिलं आणि मी मुरुडला जायचं ठरवलं.

प्रकरण असं. एका जुन्या रॉक अल्बमची पुन्हा छापलेली आवृत्ती माझ्याकडे होती. पहिल्या गाण्यात गायक फक्त उजव्या स्पीकरमधून, वाद्यं फक्त डाव्यातून. बाकी सगळ्या आवृत्त्यांत गायक मधोमध. म्हणजे आवाजांचं मिक्सच वेगळं, असं मी ग्रुपवर लिहिलं! पण पुरावा द्यायला प्रत नव्हती, घर बदलताना माझी कपाटाखाली तडकली होती. ‘चुकले तर ग्रुप सोडीन,’ असं मी लिहून बसले होते. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आवाज खाली ठेवा म्हणायच्या. तो धडा मी तेव्हाच सोडला. ग्रुपमधलीच एकजण म्हणाली, मुरुडला तिच्या मामांकडे ती आवृत्ती आहे.

सकाळच्या लाँचने मांडवा. पावसाळ्यात ही लाँच बंद असते. तिकिटातच अलिबागपर्यंतची बस येते. पुढे मुरुडची एसटी, बायकांना अर्धं तिकीट. उजवीकडची खिडकी धरा. रेवदंडा सोडलं की समुद्र सोबत येतो आणि खड्ड्यांचा राग जरा निवळतो. जेवणाआधी सुरमईचा भाव विचारा. फळ्यावर ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. सोलकढी मात्र दुसऱ्यांदा विनातक्रार मिळाली.

मामा जहाजावरून निवृत्त झालेले. रेकॉर्ड परदेशी बंदरात घेतलेली. ओटीवर बसवून म्हणाले, “बाय, त्या गान्यात गानारा न्हायच. नुसती वाजवावाजवी हाय.”

आतून कोलंबी सोलता सोलता मामी ओरडल्या, “कान तपासा! मानूस पहिल्यापासनं बोंबलतोय. वाजवनाराच न्हाय कोन त्याच्यासंगं!”

“तीस वरसं हेच बोलते,” मामा म्हणाले.

मी उठून आत गेले. एक स्पीकर ओटीवर होता. मामींनाही ऐकू यावं म्हणून मामांनी दुसरा स्वयंपाकघरात फडताळावर लावला होता.

लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला नंबर पाहिला. माझ्या वहीतलाच, म्हणजे आवृत्ती तीच. मग आधी कोळीगीतांची रेकॉर्ड लावली. गाणारी दोन्हीकडे ऐकू आली, म्हणजे वायरी ठीक होत्या. नंतर आमचं गाणं दोनदा लावून फोनवर टिपलं, एकदा ओटीवर, एकदा स्वयंपाकघरात. मामांच्या प्लेअरचं बॅलन्सचं बटण फिरवून हेच दाखवता आलं असतं, पण ॲडमिन म्हणाला असता, बटण बिघडलंय. इथे मध्ये भिंत होती.

शेवटी गाणं पुन्हा लावून मामींना मधल्या दारात उभं केलं. त्या ओल्या हातांनी ऐकत राहिल्या.

“अगो बाय, हा बिचारा एकटा नव्हता!”

“पटला आता?” मामा म्हणाले.

“तुमाला पटला का, ते बोला आदी!”

रेकॉर्ड मी विकत मागितली, दोनदा. मामांनी चहा दिला, रेकॉर्ड दिली नाही. बरोबर केलं.

घरी येऊन फोनवर टिपलेले दोन्ही तुकडे ग्रुपवर टाकले. ॲडमिनचं उत्तर आलं, ‘रोचक आहे.’ मी लिहिलं, ‘कानांचं वाक्य मागे घ्या.’ मग, ‘ताई, चुकलो. नोंद तुमच्या नावाने करतो.’

नावासाठीच तर भांडत होते, खोटं कशाला बोलू? तरी फोन हातात घेतला आणि लिहिलं, ‘नोंद मुरुडची प्रत अशी करा. दोघांनी ऐकलेली.’